टेबलावर पहिलं कोण बोललं?

पेट पास झाल्यावर जो इंटरव्ह्यू होतो, त्यात एक प्रश्न हमखास येतो: "तुमचं युनिट ऑफ अ‍ॅनालिसिस काय?" बहुतेक जण "व्यक्ती" असं म्हणून मोकळे होतात. मीही तेच म्हटलं होतं. समोरच्यांनी माना हलवल्या आणि मला वाटलं, सुटले. पुढे याच एका शब्दापायी माझा अख्खा पायलट पाण्यात गेला. पाण्यात म्हणजे, खरं सांगायचं तर, बिअरमध्ये.

तुम्ही बिअर पीत नसाल तर चहा किंवा ताक डोळ्यांसमोर ठेवून वाचा, मुद्दा तसाच राहील. मला अभ्यासायचं होतं ते एवढंच, की माणसं एकमेकांच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट कशी निवडतात. "ही घेऊन बघ, तुला आवडेल" या वाक्याचं नेमकं होतं काय? आता हे मोबाईलवर करता आलं असतं, साबणावर करता आलं असतं. पण साबणाची शिफारस मैत्रिणीने केली की टीव्हीने, हे वेगळं काढणं महाकठीण. दारूचं तसं नाही. केबल टीव्हीच्या नियमांनुसार दारूची जाहिरात करता येत नाही, आणि आपल्याकडच्या १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यातही जाहिरातीला बंदी आहे. (हो, दारूबंदी कायदाच. त्याच्याखाली परवाना घेऊन कायदेशीरपणे पितात. हा विनोद नाही, कायदा आहे.) मोठ्या कंपन्या सोडा आणि पाण्याच्या बाटल्यांच्या आडून नाव पुढे ढकलतात, पण छोट्या क्राफ्ट ब्रुअरीला तेवढंही परवडत नाही. तिचा खप बराचसा तोंडोतोंडीवर. म्हणजे शिफारस अभ्यासायची तर ही आयती प्रयोगशाळा.

शिवाय इथे निवडायला खरोखर काहीतरी आहे. पूर्वी "कोणती बिअर आवडते" या प्रश्नाला दोन-तीन ब्रँडची नावं हीच उत्तरं होती, आणि त्या सगळ्या फिकट पिवळ्या लागर. मग २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं आणि तिथेच बनवून तिथेच पाजायची बिअर आपल्याकडे आली. मुंबईत पहिलं असं ठिकाण लोअर परळचं द बार्किंग डिअर, २०१३ सालचं. ते पुढे बंद झालं, पण तोवर वाट पडली होती. नंतर अंधेरीच्या बाजूला टॅपरूम आले, आणि आम्हा गोरेगावकरांना लोअर परळपर्यंत लोकलमध्ये चेंगरून जायची गरज उरली नाही. आता तर गोरेगाव पश्चिमेकडून मेट्रोने थेट अंधेरी पश्चिम.

जाता जाता एक. डूलाली हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. इंग्रजांच्या काळात तिथे छावणी होती, मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत शिपाई तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे आणि काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत "डूलाली टॅप" म्हणजे वेड लागणं. त्यातला टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप. थीसिसच्या पाचव्या वर्षाला हा शब्द चपखल बसतो, असं आमचे सीनियर म्हणतात.

असो. वहीकडे येते.

आम्ही चौघं गोरेगावचेच, शाळेपासूनचे. एक बँकेत, एक आर्किटेक्ट, एक शाळेत शिकवतो आणि मी. महिन्यातून एक-दोनदा बसायचो. मी ठरवलं की हाच पायलट करायचा. प्रत्येक वेळी कोणी काय मागवलं, कोणी काय सुचवलं, आणि पिऊन झाल्यावर पाचपैकी किती गुण दिले, हे सगळं वहीत. पुढे आणखी दोन-तीन गटांना सामील करून घेतलं. सहा महिन्यांत वही भरली, एक्सेलमध्ये नीट रांगा झाल्या. मला तर निष्कर्षही दिसायला लागला होता: मित्राने सुचवलेल्या बिअरला स्वतः निवडलेल्या बिअरपेक्षा जास्त गुण मिळतात. टी-टेस्ट चालवली, पी-व्हॅल्यू छान बारीक आली. प्रिंट काढून गाईडकडे गेले.

सरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण टेबलावर पहिलं कोण बोललं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अगं, गुण कुणी पहिले दिले? बाकीच्यांनी ऐकले का?"

ऐकले होतेच की. टेबलावर बसून गुपचूप गुण कोण देतं? आमचा आर्किटेक्ट घोट घेताक्षणी "चार!" असं ओरडतो. मग बँकवाला म्हणतो, "साडेतीन दे रे." शिक्षक मित्र भिडस्त, तो दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. मी शेवटी, वहीत लिहीत लिहीत. म्हणजे माझ्या एक्सेलमध्ये चार रांगा होत्या, पण त्या चारांतलं खरं मत किती जणांचं? एकाचं? दीड जणाचं?

सर एवढंच म्हणाले, "ज्या टेस्टवर तू उभी आहेस, ती कुठून आली ते आधी वाच."

ती आली बिअरमधूनच. विल्यम गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला लागला. त्याचं काम जव, हॉप्स, माल्ट यांची पारख. अडचण अशी की नमुने मोजकेच मिळायचे. शेताच्या चार तुकड्यांवरून किंवा मोजक्या चाचण्यांवरून निर्णय घ्यायचा, आणि तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी बनलेलं. छोट्या नमुन्याच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, याचं गणित त्याने मांडलं आणि १९०८ मध्ये बायोमेट्रिका या नियतकालिकात छापलं. कंपनीला आपली गुपितं बाहेर जायला नको होती, म्हणून "स्टुडंट" या टोपणनावाने. तुम्ही एसपीएसएसमध्ये जी स्टुडंट्स टी दाबता, ती हीच. आपल्याला वाटतं विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिली म्हणून तसं नाव.

या गणिताच्या मुळाशी एक अट आहे: प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र हवी. एका चाचणीचा आकडा पाहून दुसऱ्या चाचणीने आपला आकडा बदलायचा नाही. जवाच्या रोपांना एकमेकांचे गुण ऐकू येत नाहीत. माझ्या मित्रांना येतात.

आता हे नुसतं "अट मोडली" म्हणून सोडू नका, किती मोडली ते मोजा. इंटरव्ह्यूत इथेच फरक पडतो. समजा तुमच्याकडे दहा टेबलं आहेत, प्रत्येकी चार माणसं. रांगा चाळीस. एकाच टेबलावरच्या माणसांचे गुण एकमेकांशी किती जुळतात, याचं एक माप असतं. इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात त्याला. शून्य म्हणजे टेबलाचा काही संबंध नाही, एक म्हणजे सगळे एकाच सुरात. समजा ते ०.५ निघालं. मग टेबलावरच्या माणसांच्या संख्येतून एक वजा करा (तीन), त्याला ०.५ ने गुणा (दीड), त्यात एक मिळवा (अडीच). याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. चाळीसला अडीचने भागलं की उरतात सोळा. म्हणजे तुम्ही चाळीस लोकांचा खर्च केलात, चाळीस लोकांची बिलं भरलीत आणि माहिती सोळा जणांचीच मिळाली. माप १ असतं तर दहाच. दहा माणसं नव्हे, दहा टेबलं. माझं युनिट ऑफ अ‍ॅनालिसिस "व्यक्ती" नव्हतंच, "टेबल" होतं. आणि टेबलं मोजली तर ती बारीक पी-व्हॅल्यू कुठल्या कुठे गेली.

त्या आठवड्यात मी गाईडना तोंड दाखवलं नाही. पण वाचत राहिले, आणि एक पेपर सापडला जो मला सहा महिने आधी सापडायला हवा होता.

डॅन एरियली आणि जोनाथन लेवाव यांचा, २००० सालचा, जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका ब्रुअरीत ते स्वतः वेटर बनून टेबलांवर गेले. चार प्रकारच्या बिअर: अंबर एल, लागर, इंडिया पेल एल आणि गव्हाची एल. प्रत्येकाने एक छोटा नमुना फुकट निवडायचा. काही टेबलांवर ऑर्डर नेहमीसारखी, एकेकाने मोठ्याने सांगायची. बाकी टेबलांवर प्रत्येकाने कागदावर गुपचूप लिहून द्यायची. प्यायल्यावर विचारलं, कशी वाटली, दुसरी घेतली असती तर बरं झालं असतं का?

मोठ्याने ऑर्डर दिलेल्या टेबलांवर विविधता जास्त दिसली. आधीच्याने जी मागवली ती टाळून लोक दुसरी मागवत होते. आणि समाधान मात्र कमी. अपवाद एकच माणूस: जो पहिल्यांदा बोलला. त्याला कुणाला टाळायचं नव्हतं, त्याने हवी ती घेतली. म्हणजे सरांचा प्रश्न या पेपरचा अख्खा गाभाच होता.

यातली डिझाइनची बाजू नीट बघा. त्यांनी "तुमच्यावर मित्रांचा प्रभाव पडतो का?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळे "छे, अजिबात नाही" म्हणाले असते. त्यांनी फक्त ऐकू येणं बंद केलं आणि फरक मोजला. तीच बिअर, तीच जागा, तशीच माणसं, मध्ये एक कागद. तुमच्या प्रपोजलमध्ये "प्रभाव" हा शब्द असेल तर स्वतःला विचारा की तो प्रभाव बंद करायचं बटण कुठे आहे. बटण सापडत नसेल तर तुम्ही अजून प्रश्न विचारलेला नाही, विषय सांगितलाय फक्त.

आणखी एक गोम. माझ्या वहीत गुण एकमेकांकडे ओढले जात होते, आणि त्यांच्या टेबलांवर निवडी एकमेकांपासून पळत होत्या. दोन्ही ठिकाणी नोंदी स्वतंत्र नाहीत, पण दिशा उलटी. पहिल्यात खरी माहिती रांगांपेक्षा कमी असते; दुसऱ्यात तेच माप शून्याच्या खाली जाऊ शकतं. "क्लस्टरिंग आहे" एवढं लिहून भागत नाही, कशाचं क्लस्टरिंग ते सांगावं लागतं.

एरियलींनी पुढे आपल्या पुस्तकात सांगितलंय की असाच प्रयोग हाँगकाँगमध्ये केला तेव्हा चित्र पालटलं: तिथे मोठ्याने ऑर्डर देताना लोक आधीच्यासारखंच मागवण्याकडे झुकले. समाधान तिथेही घटलं. अमेरिकेत वेगळं दिसायची हौस, हाँगकाँगमध्ये जुळवून घ्यायची. मग गोरेगावात? आमच्या टेबलावर मी दोन्ही पाहिलंय. आर्किटेक्टला कुणाचीही बिअर परत मागवायची नसते, आणि शिक्षक मित्राचं ठरलेलं वाक्य: "तू घेशील तेच मला." त्यात पिचर मागवला की स्वस्त पडतं म्हणून चौघांना एकच. ही निवड की हिशेब? "भारतीय लोक सामूहिक वृत्तीचे असतात" असं एक वाक्य लिहून यातून सुटता येतं, पण ते लिहू नका. बिल कसं वाटलं जातं याची नोंद केल्याशिवाय तर नाहीच.

एक सावधगिरी, कारण तुम्ही हा पेपर संदर्भात घालणार. एरियली सहलेखक असलेला प्रामाणिकपणावरचा २०१२चा एक वेगळा पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्यातल्या एका प्रयोगाचा विमा कंपनीकडून आलेला म्हणून दिलेला डेटा बनावट असल्याचं उघड झालं होतं. आपण तो बनवला नाही, असं एरियलींचं म्हणणं. बिअरच्या पेपरचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही व्हायव्हात कुणीतरी विचारेलच. तेव्हा "मला माहीत नव्हतं" म्हणण्यापेक्षा "माहीत आहे, म्हणून मी याची डिझाइन घेते, आकडे स्वतः नव्याने तपासते" हे उत्तर कधीही बरं.

आता भाषेचं. वही पुन्हा चाळताना लक्षात आलं की मी "शेरा" या रकान्यात लोकांचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता "कडक". कडक म्हणजे काय? आर्किटेक्टच्या तोंडी कडक म्हणजे झकास. बँकवाल्याच्या तोंडी कडक म्हणजे चढणारी, अल्कोहोल जास्त असलेली. एका वहिनींच्या तोंडी कडक म्हणजे कडू, कारण चहा कडक असतो तसा. मी प्रश्नावलीत "ही बिअर कडक आहे: पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत" असं टाकणार होते! तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टींना सहमत झाली असती आणि माझी सरासरी कशाचीच नसती. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करताना शब्दकोश उघडण्याआधी टेबलावर बसून ऐका.

गंमत म्हणजे वासाचे शब्द मात्र आपल्याकडे स्वयंपाकघरात तयार आहेत. बेल्जियन विटमध्ये खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. पहिल्यांदा पिणाऱ्या मैत्रिणीने "धन्यांसारखं काहीतरी" असं न सांगता ओळखलं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, हेफेवायझेनला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं घातलेलं नसतं. यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन तयार करतं आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच असतं. अशा ठिकाणी "धने जाणवतात का, हो की नाही" हा प्रश्न "कशी आहे" यापेक्षा शंभर पटीने उपयोगी.

पण "जाणवतात" हेही तपासावं लागतं, कारण नाव ऐकलं की चव बदलते. लेनर्ड ली, शेन फ्रेडरिक आणि एरियली यांनीच २००६ मध्ये बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे थेंब टाकून लोकांना पाजली. आधी सांगितलं तर लोकांनी तोंड वाकडं केलं. काहीच न सांगता दिली तर बऱ्याच जणांना ती साध्या बिअरपेक्षा आवडली. पिऊन झाल्यावर सांगितलं, तरी आवड फारशी उतरली नाही. म्हणजे माहिती नुसतं मत बदलत नव्हती, ती आधी मिळाली तर अनुभवच बदलत होती. "ही घेऊन बघ, केळ्यासारखी लागते" असं म्हणणारा मित्र तुमच्या ग्लासात थोडं केळं टाकतोच.

फरक खरंच कळतो का हे बघायला ब्रुअरीवाले ट्रँगल टेस्ट वापरतात. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं. बारा जणांना दिली तर किमान आठ जणांनी बरोबर ओळखलं पाहिजे, तरच पाच टक्क्यांच्या पातळीवर फरक कळतो असं म्हणायचं. सात आले तर नाही: सात किंवा जास्त योगायोगाने यायची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या वर जाते. हे स्वतः कागदावर काढून बघा, बायनॉमियल एकदाच नीट कळून जाईल. चहावरही करता येतं, दोन कप गवती चहाचे आणि एक बिनगवती.

प्रत्यक्ष बिअरवर करणार असाल तर एथिक्स कमिटीकडे आधी जा. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय २१ आहे आणि कडक मद्यासाठी २५, त्यामुळे "कॉलेजचे विद्यार्थी" हे तुमचं नेहमीचं सोयीचं सॅम्पल इथे चालत नाही. संमतीची सही पहिल्या घोटाच्या आधी घ्यायची, नंतर नाही. प्रमाण घोटांपुरतंच, आणि कोण गाडी चालवत घरी जाणार हे विचारायचं. मी पायलटला यातलं काहीही केलं नव्हतं, म्हणून ती वही थीसिसमध्ये कुठेच नाही.

नवीन डिझाइन साधी आहे. टेबल हेच युनिट. नाणं उडवून ठरवायचं की या टेबलावर आज बोलून की चिठ्ठीवर. पहिला बोलणारा कोण, याची वेगळी नोंद. गुण नेहमी चिठ्ठीवर, दोन्हीकडे. बिल कसं भागवलं तोही एक रकाना.

चिठ्ठ्यांचा पहिला सराव आमच्या चौघांवरच केला. शिक्षक मित्राने चिठ्ठीवर काय लिहिलं असेल? इतकी वर्षं "तू घेशील तेच" म्हणणाऱ्या त्या माणसाने लिहिलं: "अ‍ॅपल सायडर. मला बिअर कडू लागते." आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंच नाही ना."

तुम्ही करून बघणार असाल तर एक करा, वेटरला आधी नीट समजावून ठेवा. घड्या घातलेल्या चार चिठ्ठ्या हातात आल्यावर आमच्याकडच्याने मॅनेजरला बोलावलं होतं.